तिघांचं गुपित

ट्राउट हा आपल्याकडचा मासा नव्हे. ब्रिटिशांनी १९०९ मध्ये तो कुलूत आणला आणि हिमालयाच्या थंड पाण्यात तो चांगलाच रुळला. आज तीर्थन नदीच्या खोऱ्यात गळ टाकायला येणाऱ्या पाहुण्यांवर कित्येक घरांच्या चुली पेटतात.

ऑक्टोबर संपत आला होता. पावसाळ्याचा गढूळपणा जाऊन पाणी निवळलं होतं, तळातला गोटा न् गोटा मोजून घ्यावा. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद, कारण ट्राउटच्या विणीचे ते दिवस. त्यामुळे नदीकाठी शेवटची झुंबड होती.

या खोऱ्यातल्या गुशैणी गावचा एक पोरगा दिल्लीच्या एका निवृत्त इंजिनिअरसाहेबांना घेऊन निघाला. माशी टाकून मासे धरण्यात साहेबांचा हात बसलेला होता. या प्रकारात गळाला आमिष नसतं. कोंबड्याच्या मानेचं पीस दोऱ्यानं गुंडाळून केलेली खोटी माशी असते. तिला वजन कसलं? वजन दोरीला. म्हणून काठी मागे नेली की दोरी पाठीमागे पुरती सरळ होईपर्यंत दम धरायचा, मगच पुढे. उतावळ्याची माशी झुडपात अडकते. साहेबांची एकदाही अडकली नाही.

दुसऱ्या वळणावर पोरगा थबकला. उथळ पाण्यात, शेवाळलेल्या गोट्यांच्या मधोमध खडीचा एक फिकट पट्टा उघडा पडला होता. त्यावर हातभर लांबीची मादी कुशीवर होऊन शेपटीनं खडी उडवत होती. खड्डा झाला की अंडी घालायची, वरच्या अंगाची खडी उकरून ती झाकायची, हा तिचा उद्योग. एवढा मासा लागला तर बक्षिशी घसघशीत. पण पोराला ते करवेना.

"इथं काही नाही, साहेब. वर मोठा डोह आहे."

साहेब निमूट चालू लागले. पोराला मनात हसू आलं. शहरातल्या माणसाला पाण्यातलं काय दिसणार! वाटेत आणखी एक गळवाला भेटला, त्यानंही विचारलं, "खाली आहे का काही?" पोरानं त्यालाही तेच उत्तर दिलं. एकदा जमलं की खोटं फार सोपं जातं.

रात्री चुलीपाशी साहेब म्हणाले, "त्या खडीवर मादी होती. मुद्दाम बोललो नाही. तू म्हणाला असतास, टाका साहेब! तुझाही पोटाचा प्रश्न."

पोरगा बघतच राहिला. मग त्यानंही आपलं सांगून टाकलं. शेजारी बसलेल्या त्याच्या आजोबांना तर हसता हसता ठसका लागला. "अरे, ती जागा मी चार दिवसांपूर्वीच पाहिली. तुला बोललो नाही. म्हटलं, पोरगा पाहुण्याला दाखवून मोकळा होईल."

चहाची दुसरी फेरी झाली. आपण किती शहाणे, याचा आनंद तिघांच्याही तोंडावर होता. सकाळी तिघांनी मिळून ती बघायला जायचं ठरलं.

सकाळी मादी तिथं नव्हती. खड्डा बुजला होता, वर खडीचा लांबट उंचवटा आला होता. म्हणजे अंडी घालून झाली होती. आणि त्या उंचवट्यावरच कालचा गळवाला छातीपर्यंतचे रबरी बूट चढवून उभा होता. पलीकडच्या काठाला माशी पोचवायला तो पाय बदलत होता. बुटाखाली खडी करकरत होती.

आजोबांनी हाक मारली तसा तो लगबगीनं बाहेर आला आणि न मागताच खिशातून परवाना काढून दाखवला. गळही नियमातलाच होता. काय झालं ते आजोबांनी सांगितलं, तेव्हा त्याचा चेहरा उतरला. त्यानं एकदा खडीकडे पाहिलं, मग पोराकडे.

"पण काल मी याला विचारलं होतं," तो म्हणाला. "हा म्हणाला, खाली काही नाही."