आठवण आणि हक्क

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. मराठीच्या तासाला सहावीच्या मुलांना निबंध द्यायचा असला की 'माझे आजोबा' हा विषय हमखास येतो. मुले लिहितात ते सारे एकसारखे असते. आजोबा पाच वक्त नमाजी होते, सगळ्यांवर माया करीत, कधी खोटे बोलले नाहीत. गेल्या वर्षी नमुना म्हणून आम्हीच आमच्या दादांवर फळ्यावर लिहू लागलो. पाच-सहा वाक्ये भराभर झाली. पुढचे वाक्य होते, 'दादांनी कधी कुणाचा हक्क मारला नाही.' 'कुणाचा' या शब्दापर्यंत आलो आणि खडू थांबला. तेवढ्यात घंटा झाली म्हणून निभावले. प्रश्न मात्र राहिला. ज्यांच्यावर आपला जीव होता ते गेल्यावर त्यांची आठवण कशी काढावी? चांगले तेवढेच सांगावे, की सगळे सांगावे?

आमचे गाव श्रीगोंदा. 'योगसंग्राम' लिहिणाऱ्या संतकवी शेख महंमदांचे गाव. जिल्हा अहमदनगर, २०२४ पासून अहिल्यानगर. दादा मणेर होते. खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकून आठवड्याचे बाजार करायचे, उरलेले दिवस खेडी फिरायचे. बाया त्यांना 'मणेरदादा' म्हणत. मराठीत दादा म्हणजे थोरला भाऊ, आमच्या घरात दादा म्हणजे आजोबा. लहानपणी आम्हाला वाटे की साऱ्या तालुक्याने आमचाच शब्द उचलला आहे. खरे तर त्या बाया त्यांना भाऊ मानत होत्या. हात कितीही राठ असो, बांगडी भरताना दुखू द्यायचे नाही, हा दादांचा नेम. पैसे नसले तर सुगीत धान्य घ्यायचे, तेही जमले नाही तर विसरून जायचे.

१९७२ च्या दुष्काळात बायाबापड्या खडी फोडायला जात. खडी फोडताना काचेची बांगडी टिकत नाही आणि मोकळ्या हाताने घरी जाणे सवाष्णीला अशुभ वाटे. दादा कामावर जाऊन उधार बांगड्या भरून येत. ती उधारी त्यांनी कधी मागितली नाही. २०१२ साली त्यांचा इंतकाल झाला तेव्हा कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर लुगड्यातल्या म्हाताऱ्या डोळे पुसत उभ्या होत्या. हे सारे खरे आहे. यातला एक शब्दही आम्हाला मागे घ्यायचा नाही.

आणि हेही खरे आहे. १९६६ साली पणजोबा वारले. पणजी आधीच गेल्या होत्या. मागे मुलगा एक, मुलगी एक आणि सहा एकर जिरायत. मुलाला दोन हिस्से, मुलीला एक, हा हिशोब सहावीतले पोरही करील. चार एकर दादांचे, दोन एकर फूफीचे. पण फूफीने अंगठा दिला आणि सहाही एकर दादांच्या नावावर चढले. त्या दिवशी घरात गोड केले होते म्हणतात.

दुष्काळात हीच फूफी तीन लेकरे घेऊन दोन महिने माहेरी राहिली. दादांनी त्यांना पोटभर खाऊ घातले, ही गोष्ट आमच्या घरात अजून कौतुकाने सांगतात. दर ईदेला दादा तिला लुगडे पाठवीत, घरी आली की स्वतः डझनभर बांगड्या भरीत. सारे मनापासून. पण ती आपल्याच जमिनीच्या दारात पाहुणी होती, हे कुणाच्या मनात आले नाही. दादांनी बहिणीवर प्रेम केले नाही असे नाही. हक्काच्या जागी उपकार ठेवला. आणि उपकार इतका गोड होता की हक्काची आठवण कुणालाच राहिली नाही.

कुणी म्हणेल, तिने आपखुशीने दिले होते. आम्हीही असेच म्हणत आलो. एकदा आम्ही तिला विचारले होते. ती म्हणाली, "भाई का घर खुला रहे, बस." या उत्तराला खुशी म्हणावे काय? जिला ठाऊक आहे की वाटा मागितला तर माहेर तुटेल, तिच्या 'हो'ला वजन किती? 'नाही' म्हणायची सोय असेल तरच 'हो'ला अर्थ असतो. म्हणूनच अनेक आलिम सांगतात की बहिणीचा वाटा आधी तिच्या हातात द्यावा. मग तिने खुशीने परत केला तर ती देणगी. हातात न आलेली वस्तू तिने दिली तरी काय?

मर्हूमांचे चांगले बोलावे, वाईट झाकावे, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो आणि ती योग्यच आहे. दादांना राग लवकर येई, तंबाखू सुटली नाही. हे झाकण्यासारखे. पण दुसऱ्याचे देणे हा काही दादांचा खासगी ऐब नव्हे. तो हुकूकुल इबादचा मामला. जिचे गेले तिनेच माफ करायचे. तो झाकणे म्हणजे दादांची अब्रू राखणे नव्हे, फूफीची जमीन दुसऱ्यांदा घेणे होय.

नगरजवळच्या डोंगरावर एक अष्टकोनी इमारत आहे. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. ती खरे म्हणजे निजामशाहीतल्या सलाबतखानाची कबर. १५९५-९६ मध्ये मोगलांपुढे नगरचा किल्ला लढवणारी चांदबिबी लोकांची लाडकी, म्हणून प्रेमाने तिच्या नावावर महाल चढवला. त्यात कुणाची लबाडी नाही. पण जो आत निजला आहे त्याचे नाव गेले. प्रेमाची आठवण अशीही असते. एकाला देताना दुसऱ्याचे काढून घेते.

बुखारी शरीफमधला एक प्रसंग आम्हाला वारंवार आठवतो. एक जनाजा आणला गेला. त्या माणसावर काही कर्ज आहे का, असे प्रेषितांनी विचारले. तीन दिनार होते, फेडायला मागे काही नव्हते. तुम्हीच नमाज पढा, असे त्यांनी सोबत्यांना सांगितले. तेव्हा अबू कतादा पुढे झाले आणि म्हणाले की ते कर्ज माझ्यावर. मग प्रेषितांनी नमाज पढवली. अबू कतादांनी त्या माणसाची तारीफ केली नाही. त्याचे देणे आपल्या डोक्यावर घेतले. मेलेल्यावर प्रेम कसे करावे याचे याहून साधे उत्तर आम्हाला ठाऊक नाही.

आता आमची गोष्ट. पुढे कुकडीच्या कालव्याचे पाणी आले, जिरायतीत लिंबोणीची बाग उभी राहिली. २०११ साली आमच्या बी.एड.ची फी त्या लिंबांच्या पैशातून भरली गेली. म्हणजे आज वर्गात उभे राहून आम्ही जो सचोटीचा धडा देतो, त्यात दोन एकरांचा वाटा फूफीचा. दादांना दोष देऊन आम्ही मोकळे होऊ शकत नाही. घेणारे एकटे दादा नव्हते, खाणारे आम्हीही होतो.

गेल्या ईदेला आम्ही सातबारा घेऊन अब्बांसमोर बसलो. चाचा उठून गेले. म्हणाले, "मरे हुए बाप को कटघरे में खडा करते क्या?" अब्बा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी एवढेच विचारले, "फूफी के बच्चे अब कहां रहते?" फूफी २०१६ सालीच गेली. तिची माफी मागायची वेळ निघून गेली. मुले कर्जत तालुक्यात आहेत. अब्बा स्वतः गेले, दोन एकरांतल्या लिंबांचे या सालचे पैसे देऊन आले. जमिनीची फोड अजून व्हायची आहे. चाचा अजून बोलत नाहीत.

यंदा वर्गात पुन्हा तोच निबंध आला. आम्ही दादांवर लिहिले की ते कुणाचा हात दुखू देत नसत, त्यांचा एक हिशोब राहिला आणि तो आता आम्हाला करायचा आहे. एका मुलीने विचारले, "सर, तरी दादा अच्छे थे ना?" आम्ही म्हणालो, हो बेटा, फार चांगले होते. म्हणून तर करायचा.