पत्र्याची साक्ष

कोलकात्याच्या नैर्ऋत्येला, हुगळीच्या पूर्व काठावर बजबज हे गाव आहे. इतिहासाच्या ग्रंथांत त्याचा उल्लेख बहुधा दोन आगमनांच्या निमित्ताने येतो. १८९७च्या फेब्रुवारीत पश्चिमेहून परतलेले स्वामी विवेकानंद येथे बोटीतून उतरले आणि आगगाडीने सियालदहला गेले. पुढे २९ सप्टेंबर १९१४ रोजी कॅनडाने परत लावलेल्या ‘कोमागाता मारू’ जहाजाचे उतारू येथेच उतरवले गेले आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. गावाचा रोजचा व्यवहार मात्र तागाच्या गिरण्या, तेलाच्या टाक्या आणि या दोहोंसाठी धावणारी वाहने यांच्या आधारे चालत आला. जिथे वाहने आहेत तिथे ती मोडणार, आणि जिथे ती मोडणार तिथे रस्त्याकडेच्या छपराखाली हातोडी आणि लोखंडी ठोकळा घेऊन पत्रा ठोकणारा कारागीर बसलेला असणार. इतिहासाने त्याची दखल घेण्याचे कारण नाही. नीतिविचाराने ती घ्यावी, असे प्रसंग मात्र त्याच्या दारात वारंवार येऊन उभे राहतात.

असा एक प्रसंग कल्पावा. २० मे २०२० रोजी ‘अम्फान’ चक्रीवादळ पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावर आदळले. कोलकात्यात वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला, हजारो झाडे उन्मळून पडली. टाळेबंदीने आधीच बसलेली दुकाने वादळाने आणखी खचली. अशा दिवसांत बजबजच्या एका लहान गॅरेजसमोर सात वर्षे वापरलेली मालवाहू छोटी गाडी ओढून आणली जाते. फांदी पडून टप दबलेला आहे, समोरची काच फुटलेली आहे. याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. पण डाव्या दारावरही एक लांब खोल चीर आहे आणि खालचा पत्रा आत गेलेला आहे. मालक म्हणतो, “दादा, दारही त्याच झाडाने गेले असे लिहा. विमा कंपनीच देणार आहे. तुमचेही काम वाढेल.”

कारागीर दाराकडे पाहतो. चीर आडवी आहे. वरून पडलेली फांदी दाबते, चेपते, फार तर तिरपे ओरखडते. ती जमिनीला समांतर रेघ ओढीत नाही. रेघेच्या कडेला कुठल्या तरी दुसऱ्या वाहनाचा निळा रंग पुसट लागलेला आहे. उघड्या पडलेल्या लोखंडावर तांबूस गंज आहे. परंतु या नदीकाठच्या दमट हवेत गंज हा भरवशाचा साक्षीदार नव्हे, उघडा पत्रा येथे एका पावसाळी रात्रीतही लाल होतो. मात्र रंगाच्या थराखाली शिरून त्याला फोडासारखे उचलणारा गंज एका रात्रीचा नसतो, त्याला महिने लागतात. कारागीर नखाने रंगाची कड उचलून पाहतो आणि तिथे तो फोड आहे.

येथे पहिला प्रश्न उभा राहतो, आणि तो सत्य-असत्याचा नाही, ज्ञानाचा आहे. या माणसाला काय ठाऊक आहे? दार झाडाने गेलेले नाही, हे त्याला जवळपास ठाऊक आहे. मालक लबाड आहे, हे त्याला ठाऊक नाही. कदाचित गाडी भाडेकरू चालकाच्या हाती असेल आणि दार कधी गेले हे मालकालाच माहीत नसेल. संशय हा मनाचा असा एक व्यवहार आहे की तो वस्तूवरून माणसावर फार लवकर उडी घेतो, आणि गरीब माणसावर तर त्याहून लवकर. पत्र्याविषयीची शंका आणि पत्र्याच्या धन्याविषयीची शंका या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली कारागिराच्या विद्येत बसते. दुसरीसाठी त्याच्यापाशी कोणतेच साधन नाही.

तरीही पहिली त्याला टाळता येत नाही, आणि याचे कारण त्याच्या धंद्याच्या स्वरूपातच दडलेले आहे. दुरुस्ती म्हणजे पुराव्याचा नाश. कुंभाराचे किंवा सुताराचे काम नवी वस्तू घडवते. पत्रा ठोकणाऱ्याचे काम जे घडले ते न घडल्यासारखे करते. खळगा बाहेर निघाला, पुट्टी भरली, घासली, वर रंगाचा फवारा बसला, की त्या दाराचा इतिहास संपला. विमा कंपनीचा सर्वेक्षक येतो, छायाचित्रे काढतो, टिपणे करतो. पण वादळानंतरच्या आठवड्यांत एका वाहनावर त्याची नजर किती काळ ठरणार? छायाचित्रात खळग्याचा आकार येतो, वय येत नाही. अस्तर काढल्यावर, बिजागर उतरवल्यावर, जुनी पुट्टी तासल्यावर जे दिसते ते एकट्या कारागिरालाच दिसते. मोडतोडीचा तो शेवटचा वाचक असतो आणि वाचून झाल्यावर पान पुसून टाकणे हाच त्याचा उद्योग असतो.

कौटिल्याला ही गोष्ट उमगली होती असे दिसते. अर्थशास्त्राच्या कण्टकशोधन अधिकरणात कारागिरांविषयीचे नियम आले आहेत. संशयास्पद माणसाकडून सोने-चांदी, वर्दी न देता, आहे त्या रूपात विकत घेणाऱ्या सोनाराला तेथे १२ पण दंड सांगितला आहे. रूप बदललेले असल्यास २४, आणि प्रत्यक्ष चोराकडून घेतल्यास ४८. यातली मधली पायरी विचार करण्याजोगी आहे. सोने तेच, माणूस तोच. केवळ रूप बदलले म्हणून दंड दुप्पट का व्हावा? दागिना दागिना राहिला तर त्याचा धनी उद्या येऊन तो ओळखू शकतो. त्याची लगड झाली की ओळख गेली. वस्तूची बोलण्याची शक्ती नाहीशी झालेली असताना ती मुकाट्याने हाती घेणाराचा दोष शास्त्रकाराने अधिक मानला, असा त्याचा अर्थ लावता येतो. मूस आणि पुट्टी यांत या दृष्टीने फारसे अंतर नाही.

आता मालकाची बाजू ऐकली पाहिजे, कारण ती वाटते तितकी उथळ नाही. तो सात वर्षे नियमाने हप्ता भरत आला. गाडी पाच वर्षांहून जुनी झाली म्हणून धातूच्या नव्या सुट्या भागांच्या किमतीतून ४० टक्के घसारा वजा होणार. रबर, नायलॉन आणि प्लास्टिक यांच्या भागांवर ५० टक्के. शिवाय दाव्याचा सक्तीचा पहिला हिस्सा त्याच्याच खिशातून जाणार आणि दावा न केल्याबद्दल साठत आलेली हप्त्यातली सूट बुडणार. म्हणजे खऱ्या नुकसानीची खरी भरपाईसुद्धा त्याला पुरी मिळत नाही. दाराचा खर्च टपाच्या खर्चात मिसळला तर कुठे हिशेब जुळतो. त्याच्या लेखी ही चोरी नव्हे, वजाबाकीची दुरुस्ती आहे. सर्वेक्षक काही ना काही कापणारच, हे गृहीत धरून अंदाजपत्रक फुगवण्याची रीत तर पुष्कळ प्रामाणिक गॅरेजवालेही पाळतात. एक फुगवतो म्हणून दुसरा कापतो, आणि दुसरा कापतो म्हणून पहिला फुगवतो. यात आरंभ कोणी केला हे शोधणे निष्फळ आहे.

या युक्तिवादात एक गफलत आहे. विमा म्हणजे साठवलेली ठेव, ती आपल्या वाट्याची कधीतरी परत आलीच पाहिजे, अशी ती समजूत आहे. आपल्याकडच्या व्यापाऱ्यांना विम्याचे तत्त्व विमा हा शब्द रूढ होण्याआधीपासून ठाऊक होते. जोखमी हुंडीचे पैसे माल सुखरूप पोहोचला तरच देय होत. माल बुडाला तर हुंडी घेणाऱ्याने तोटा सोसावा, असा तो करार होता. याज्ञवल्क्यस्मृतीत अरण्यमार्गाने जाणाऱ्या ऋणकोसाठी शेकडा १० आणि समुद्रमार्गाने जाणाऱ्यासाठी शेकडा २० असे चढे व्याज सांगितले आहे. ती धोक्याचीच किंमत होय. ज्याचा माल पोहोचला त्याने आपले पैसे फुकट गेले असे म्हणू नये, कारण त्याने प्रवासभर झोप विकत घेतलेली असते. पण हे समजण्यासाठी दुसऱ्या टोकाला माणूस दिसावा लागतो. हुंडीच्या व्यवहारात तो दिसत होता, त्याला नाव आणि पेढी होती. १ जानेवारी १९७३पासून देशातल्या १०७ विमा कंपन्यांचा कारभार चार सरकारी कंपन्यांत एकवटला. त्यांतल्या एकीचे मुख्यालय कोलकात्यातच आहे. पैसा सरकारचा झाला, म्हणजे कोणाचाच नाही असे झाले. २००० सालानंतर खाजगी कंपन्या पुन्हा आल्या, तेव्हा तो ‘त्यांच्या नफ्याचा’ झाला. दोन्ही वेळा एक गोष्ट नजरेआड राहिली. गिरणीच्या फाटकापाशी उभ्या असलेल्या दुसऱ्या छोट्या गाडीचा मालकही त्याच निधीत हप्ता भरतो. त्याचे दार जेव्हा गेले, तेव्हा त्याने ते स्वतःच्या पैशाने बसवून घेतले.

विम्याच्या कायद्याचा पाया परस्परांच्या पराकाष्ठेच्या सद्भावावर आहे, असे मानले जाते. हे तत्त्व ज्या खटल्यातून रूढ झाले तो १७६६चा, लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्यापुढे चाललेला. सुमात्रातल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या मार्लबरो किल्ल्याचा गव्हर्नर कार्टर याने किल्ला शत्रूच्या हाती पडण्याविरुद्ध विमा उतरवला होता आणि तो फ्रेंचांच्या हाती पडला. निकाल त्याच्या बाजूने लागला. विमा देणाऱ्याला जे ठाऊक असू शकत होते ते त्यानेही जाणून घ्यायला हवे होते, असे ठरले. सद्भाव दोन्ही बाजूंनी हवा. त्यानंतर अडीचशे वर्षांनी, २०१६ साली, इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयापुढे ‘मर्वेस्टोन’ या मालवाहू जहाजाचा दावा आला. इंजिनाच्या दालनात पाणी शिरले होते, नुकसान खरे होते. पण दावा लवकर मंजूर व्हावा म्हणून मालकांच्या वतीने एक खोटा तपशील सांगितला गेला. तो तपशील नसताही दावा वैध होता, म्हणून चार विरुद्ध एक अशा बहुमताने न्यायालयाने भरपाई देवविली. मात्र दावाच फुगवलेला असेल, तर खरा भागही बुडतो, हा जुना कठोर नियम त्याने मोडला नाही. अनावश्यक खोटे एक आणि रकमेत शिरलेले खोटे दुसरे, असा हा भेद आहे.

बजबजच्या कारागिराला या निकालांची वार्ता नसेल, पण त्यांतला पेच नेमका त्याच्याच ओट्यावर येऊन बसलेला आहे. दाराची शंका त्याने सर्वेक्षकाच्या कानावर घातली, तर दार तर जाईलच, कदाचित टपही जाईल; वादळाने खरोखर पिचलेल्या माणसाचा खरा दावा त्याच्या एका वाक्याने बुडेल. गप्प राहून त्याने दार यादीत घातले, तर त्याच्या सहीखाली एक खोटे उभे राहील. सत्य सांगणे हे येथे निरपराध कर्म नाही. महाभारतातल्या कौशिकाची कथा हेच सांगते: पळालेल्या माणसांची वाट दरोडेखोरांना खरी सांगून तो पुण्य जोडू गेला आणि नरकास गेला. अर्थात विमा कंपनी म्हणजे दरोडेखोर नव्हे, हे कथा आठवतानाच ध्यानात ठेवलेले बरे. गॅरेजवाल्यांच्या बोलण्यात हा भेद पुष्कळदा सुटतो.

मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. बुडालेल्या मोटारीत पाणी असताना कोणी किल्ली फिरवली, तर सिलिंडरमधले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पुराने झालेले नुकसान आणि किल्ली फिरवल्याने झालेले नुकसान यांत विमा कंपन्या फरक करीत आल्या आहेत. किल्ली फिरवणारा लबाड नसतो. घाबरलेला असतो, घरी पोहोचू पाहत असतो. पण इंजिन उघडून वाकलेला रॉड पाहणारा एकटा मेकॅनिकच असतो, आणि त्याच्या कागदावरचा एक शब्द लाखभर रुपयांचा असू शकतो. तिथेही त्याला किल्ली कोणी फिरवली, का फिरवली, हे लिहिण्याचा अधिकार नाही. रॉड वाकलेला आहे, एवढे लिहिण्याचा आहे.

कारागिराच्या कर्तव्याची सीमा बहुधा याच्या आसपास असावी. तो पोलिस नव्हे, न्यायाधीश नव्हे. मालकाचे अंतःकरण तपासण्याचे काम त्याच्याकडे कोणी दिलेले नाही, आणि त्याने ते स्वतः होऊन घेतले तर तो आगाऊपणा ठरेल. परंतु अंदाजपत्रक हे त्याचे स्वतःचे वचन आहे. त्यातली प्रत्येक ओळ म्हणजे ‘हे मी पाहिले’ असे विधान आहे. आणि जे त्याने पाहिले नाही ते मालकाच्या शब्दावर त्याने पाहिले असे लिहिणे, ही त्याच्या हाताची विक्री होईल. ‘मी नाही लिहिले तर पुढच्या नाक्यावरचा लिहील’ हा युक्तिवाद येथे हमखास येतो. तो खराही असतो. पण पुढच्या नाक्यावरचा काय करील या माहितीवरून या नाक्यावरच्याने काय करावे हे निघत नाही. फक्त त्याचे किती नुकसान होईल हे निघते. आणि नुकसान होईल, हे लपवू नये. दोन महिन्यांच्या टाळेबंदीनंतर आलेले पहिले मोठे काम हातचे जाऊ शकते, आणि त्याच्याही घरी चूल आहेच.

म्हणून सर्वेक्षक येण्याआधी तो मालकाशीच बोलतो. दाराच्या रंगाखालचा फोड त्याला बोटाने दाखवतो, निळी रेघ दाखवतो, आणि कधी गेले, कसे गेले, हे विचारीत नाही. “टपाचे, काचेचे, खांबाचे जे आहे ते सगळे लिहितो, दादा, एक पैसा कमी लिहीत नाही. दार वेगळ्या कागदावर. पैसे जमतील तसे द्या, हप्त्याने द्या.” मालक काही वेळ गप्प राहतो. मग म्हणतो, दार असू दे तसेच, त्यावाचून काही अडत नाही. आठवड्याने नवा टप आणि नवी काच बसवलेली गाडी गॅरेजमधून बाहेर पडते. डाव्या दाराचा खळगा तसाच आहे; त्यात पुन्हा गंज धरू नये म्हणून कारागिराने त्यावर राखाडी प्रायमरचा एक हात मारला आहे. त्याचे पैसे कोणत्याच कागदावर लावलेले नाहीत.