चाळीस दिवसांचे बाळ

(चिंतन : लूक २:२२-४०)



दरवर्षी २ फेब्रुवारीला आपण प्रभूच्या मंदिरातील समर्पणाचा सण साजरा करतो, मेणबत्त्या आशीर्वादित करून घेतो. त्याच महिन्यात नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते. कुणी मूल व्हावे म्हणून येतो, कुणी झालेल्या मुलाबद्दल आभार मानायला. बाळ येशूपुढे हात जोडताना, घरातल्या बाळाची आपण कशी काळजी घेतो, यावर थोडे चिंतन करू या.

मरिया आणि योसेफ बाळाला मंदिरात घेऊन गेले तेव्हा ते चाळीस दिवसांचे होते. ऐपत असेल त्याने कोकरू अर्पावे, गरिबाने पक्ष्यांची जोडी, असा नियम होता. त्यांनी पक्षी अर्पिले. म्हणजे प्रभू गरिबाघरचे लेकरू होता. पण त्याला बाळंत्यात गुंडाळणारी आई होती, त्याच्या जिवासाठी रातोरात उठून निघणारा योसेफ होता, आणि मंदिरात त्याला हातांवर घेणारा वृद्ध शिमोन होता.

आपल्याकडेही बाळंतिणीचा सव्वा महिना पाळतात. वैद्यकशास्त्रही जवळपास हेच सांगते. बाळाच्या आयुष्यातले पहिले २८ दिवस सर्वांत नाजूक. म्हणून आशाताई तिसऱ्या दिवसापासून ४२ व्या दिवसापर्यंत घरी येऊन बाळाला पाहतात. दीड महिन्याची लसही तेव्हाच असते.

या गृहभेटींचे मूळ आपल्याच महाराष्ट्रात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ मध्ये गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. बाळाला ऊब देणे, वजन करणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे. तीन वर्षांत तेथील नवजात मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ मध्ये हे काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून ही पद्धत देशभर स्वीकारली गेली. मोठ्या इस्पितळापासून दूर असलेली ती लेकरे शेजारच्या बाईच्या शिकलेल्या हातांनी वाचली.

मग आपण काय करतो? बाळ येशूला नवस बोलतो, पण पहिले चीक दूध पिळून टाकतो आणि बाळाला मध चाटवतो. वास्तविक तासाभरात आईचे दूध, आणि सहा महिने फक्त तेच, वरचे पाणीसुद्धा नको. मध तर वर्षभर देऊच नये. नाशिकच्या थंडीत जन्मल्या जन्मल्या आंघोळ घालू नये, बेंबीला तेल-हळद लावू नये. बाळ दूध ओढेनासे झाले, मलूल पडले, अंग गार किंवा तापलेले लागले, श्वास जलद चालू लागला, तर सकाळची वाट पाहू नये. प्रार्थना जरूर करावी, पण दवाखान्याच्या वाटेवर करावी. डॉक्टरांचे हातही देवाचेच आहेत.

आणि आईचे काय? बारशाला घर भरते, नंतर ती एकटी पडते. झोप नाही, मन भरून येते, उगाच रडू येते. 'आम्ही नाही का पोरे वाढवली?' असे म्हणून आपण तिला गप्प करतो. सासूबाईंनी तिला गरम जेवण द्यावे, नवऱ्याने रात्री बाळ घ्यावे. योसेफाला त्यात कमीपणा वाटला नसता. रडू थांबेनाच, तर तिलाही डॉक्टरांकडे न्यावे.

मिस्सामध्ये बाळ रडले की आपण मागे वळून बघतो आणि आई ओशाळून बाहेर जाते. पोप फ्रान्सिस यांनी २०१४ मध्ये सिस्टाईन चॅपेलमध्ये बाळांना स्नानसंस्कार देताना मातांना सांगितले होते की, बाळ भुकेले असेल तर येथेच पाजा. आपणही एवढे मोठे मन करू या.

या आठवड्यात आपल्या वाडीत, आपल्या इमारतीत कुणी बाळंतीण असेल तर तिच्या घरी जाऊ या. सल्ले कमी देऊ या, डबा घेऊन जाऊ या, तासभर बाळ सांभाळून तिला झोपू देऊ या. शिमोनाने बाळाला हातांवर घेतले आणि त्याला तारणाचे दर्शन घडले. आपल्यालाही ते तेथेच घडेल.

बाळ येशू आपल्या सर्व लेकरांचे व त्यांच्या मातांचे रक्षण करो. आमेन.