रजेवरून उशिरा आलेली माणसं

नात्यातली एक मुलगी नर्सिंग करून पुण्यात जर्मनच्या क्लासला जाते. बी-१ झालं, बी-२ चालू आहे. परवा घरी आली तेव्हा तिकडे कसं वागायचं याबद्दल वहीत उतरवून घेतलेल्या सूचना तिने वाचून दाखवल्या. वेळेच्या पाच मिनिटं आधी पोचायचं. रविवारी ड्रिल मशीन चालवायचं नाही. काचेच्या बाटल्या रंगाप्रमाणे वेगळ्या टाकायच्या. आणि शेवटची सूचना : तुर्कांसारखं आपापल्यातच राहायचं नाही, मिसळून जायचं.

आधीच्या सगळ्या सूचना रास्त आहेत. शेवटची मात्र डोक्यातून जात नाही. २०२४मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. सुरुवातीला दहा हजार जण पाठवायची योजना आहे : परिचारिका, वायरमन, प्लंबर, ड्रायव्हर. या मुलामुलींना निघण्याआधी जे शिकवलं जातं, त्यात आधी गेलेल्यांविषयीचा असा शेरा असावा हे मला खटकतं. परमुलखात गेल्यावर तिथली भाषा शिकावी, कायदा पाळावा, याबद्दल कुणाचंच दुमत नाही. प्रश्न तुर्कांवरच्या ठपक्याचा आहे.

तुर्की कामगार जर्मनीत आपणहून घुसले नव्हते. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी दोन्ही देशांत करार झाला. इस्तंबूलमध्ये जर्मन सरकारचं भरती कार्यालय होतं. तिथे उमेदवारांना कपडे उतरवून रांगेत उभं करत, दात तपासत, लघवी तपासत. पास झालेल्यांना आगगाडीने म्युनिकला नेत. तिथे अकरा नंबरच्या फलाटाखाली युद्धकाळातलं एक तळघर होतं. त्यात या माणसांना उतरवून, खायला घालून, कारखान्यांप्रमाणे त्यांची वाटणी होई. पुढचा मुक्काम कंपनीच्या वसतिगृहात, एकावर एक खाटा, एका खोलीत चार-सहा जण. मूळ करारात मुदत दोन वर्षांची होती. दोन वर्षं झाली की हा परत जाणार आणि त्याच्या जागी नवा येणार. १९६४मध्ये ही अट काढली ती मालकांच्या आग्रहामुळे, कारण शिकवून तयार केलेला माणूस घालवणं त्यांना परवडेना.

आता सांगा, दोन वर्षांसाठी आणलेला, गावाबाहेरच्या वसतिगृहात ठेवलेला माणूस कुणात मिसळणार होता? वर्गात बसवून त्याला भाषा शिकवावी असं तेव्हा त्या सरकारला वाटलं नाही. सहाशे तासांच्या जर्मन शिकवणीची देशव्यापी सोय झाली २००५मध्ये, म्हणजे करारानंतर चव्वेचाळीस वर्षांनी. तोवर पहिली पिढी निवृत्त होत आली होती.

यावर ठरलेलं उत्तर येतं : सोय नव्हती हे खरं, पण त्यांचं मनच गावाकडे होतं. त्यांनी पैसे साठवले ते गावी घर बांधायला, दर उन्हाळ्यात गाड्या भरभरून निघाले ते गावाकडे. ज्याचं चित्त परतीच्या वाटेवर आहे तो इथला कसा होणार? हे म्हणणं मला पूर्वी बरंचसं पटायचं. माझं निदान असं होतं की मुदत लांबवा, बायकामुलांना आणू द्या, म्हणजे चित्त आपोआप स्थिरावेल. आकडेही तसंच सुचवतात. १९५५ ते १९७३ या काळात पश्चिम जर्मनीत सगळ्या देशांतून सुमारे एक कोटी चाळीस लाख कामगार आले आणि त्यांतले एक कोटी दहा लाखांच्या आसपास परतही गेले. १९७३च्या नोव्हेंबरात भरती बंद झाली. एकदा गेलं की पुन्हा येता येणार नाही हे कळल्यावर उरलेले थांबले आणि त्यांनी कुटुंबं बोलावून घेतली. दार बंद केल्याने वस्ती वाढली. पुढे १९८३मध्ये परत जाणाऱ्याला साडेदहा हजार मार्क देऊ केले, तरी बहुतेक जण हलले नाहीत.

परंतु त्याच १९७३च्या ऑगस्टमध्ये कोलोनच्या फोर्ड कारखान्यात जे घडलं, ते या निदानात बसत नाही. उन्हाळी रजेवर अनातोलियाला गेलेले काही तुर्की कामगार उशिरा परतले. मोटारीने जायला-यायलाच कितीतरी दिवस लागत, त्यात चार आठवड्यांची रजा कुठे पुरणार? कंपनीने सुमारे तीनशे जणांना काढून टाकलं आणि त्यांचं काम उरलेल्यांच्या अंगावर टाकलं. जुळणीचा पट्टा तोच, हात कमी. तेव्हा हजारो तुर्की कामगारांनी काम थांबवलं. मागण्या अशा : काढलेल्यांना परत घ्या, तासाला एक मार्क वाढवा, पट्ट्याचा वेग कमी करा, रजा सहा आठवड्यांची करा. कामगार संघटनेने पाठ फिरवली, बहुतेक जर्मन कामगार सोबत आले नाहीत, काही दिवसांत पोलिसांच्या मदतीने संप मोडला गेला.

जुळवून घेण्याचे दोन प्रकार मी वेगळे धरतो. एक निभावून नेणं : कुणाच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून शिकलेल्या रीतीभाती. दुसरं, हक्काने वावरणं : इथे मी राबतो, तेव्हा इथल्या बऱ्यावाइटाबद्दल बोलायचा मला अधिकार आहे, असं धरून चालणं. क्लासच्या वहीतल्या सूचना पहिल्या प्रकारातल्या आहेत. फोर्डमध्ये संपावर बसलेली माणसं दुसऱ्या प्रकारातली होती, आणि त्यांतल्या अनेकांना जर्मन नीट बोलता येत नव्हतं. कोणत्या मागणीसाठी ती बसली होती तेही पाहा : गावी जायला पुरेशी रजा मिळावी म्हणून! गावाची ओढ आणि कारखान्यावरचा हक्क या दोन गोष्टी एकाच माणसात होत्या, आणि एकीमुळे दुसरी जागी झाली होती.

इथे थोडं मुंबईकडे वळतो, कारण हे आपण आपल्या घरात पाहिलेलं आहे. परळ-लालबागच्या गिरण्यांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची माणसं आली. गावकीच्या खोलीत पाळ्यापाळ्यांनी झोपली, खाणावळीत जेवली आणि गणपती-शिमग्याला रजा मिळो न मिळो, गावी गेली. मालकांची तक्रार फोर्डसारखीच : ही माणसं धड कामगार नाहीत, यांचा एक पाय शेतात. गंमत अशी की कामगारांच्या स्थितीचा तपास करणाऱ्या व्हिटले आयोगाने १९३१च्या अहवालात ही तक्रार मान्य केली नाही. गावाशी असलेला धागा ही जमेची बाजू आहे, तो तोडू नका, रजेची नीट व्यवस्था लावा, असं आयोगाचं मत होतं. पुढे १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा पगाराशिवाय वर्षभर तग धरता आला तो पुष्कळांना गावच्या भाकरीवर. आणि या चाकरमान्यांची मुंबई नव्हती असं कोण म्हणेल?

म्हणून मुदत लांबवली की माणूस रुजतो, हे माझं निदान मी आता सोडून देतो. लांब मुदत हवीच, पण तिने फार तर निभावणं सोपं होतं. हक्काने वावरायला तक्रार करायची जागा लागते. ती जर्मनीत थोडीफार होती. १९७२च्या कायद्याने कोणत्याही देशाच्या कामगाराला कारखान्यातल्या कामगार मंडळावर निवडून येता येऊ लागलं. नगरपालिकेत मत नाही, पण कारखान्यात उमेदवारी आहे, अशी ती स्थिती होती. आमच्या मुलीच्या वहीत या मंडळाचा उल्लेख नाही. पगाराची पावती कशी वाचायची, जादा पाळीचे तास कुठे नोंदवायचे, भाषेच्या खर्चापोटी नोकरी सोडू न देणारा करार पुढे आला तर कुणाकडे जायचं, यातलं काहीही नाही. बाटल्यांच्या रंगांना एक पान आहे.

तिच्या वाटेत एक अडचण मात्र जर्मनीची नाही. २७ जून २०२४पासून जर्मन कायद्याने दुहेरी नागरिकत्वाला मोकळीक दिली. साठ वर्षं तुर्कांना 'हे की ते' असं विचारणाऱ्या देशाने तो प्रश्न विचारणं थांबवलं. भारताचा कायदा तो अजून विचारतो. काही वर्षांनी ती तिथली नागरिक झाली की तिचा इथला पासपोर्ट जाईल. हाती परदेशस्थ भारतीय नागरिकाचं (ओसीआय) कार्ड येईल, पण मत देता येणार नाही आणि स्वतःच्या गावात शेतजमीन विकत घेता येणार नाही. तुर्कांसारखं राहू नकोस असं तिला सांगणारे आपण, तिने गावाशी नातं किती ठेवायचं हेही आपल्याच कायद्याने ठरवून बसलो आहोत, आणि त्याबद्दल दिल्लीशी भांडायला हवं ते आपणच.