गोडाचा आग्रह

नको म्हणणाऱ्याच्या पानात आणखी एक करंजी वाढणे, हे प्रेम की जुलूम? प्रश्न दिवाळीत विचारू नये असा आहे; म्हणूनच तो दिवाळीत विचारावा असे मला वाटते.

आपल्याकडे गोड नाकारण्याचा हक्क फक्त आजाऱ्याला आहे. 'मला मधुमेह आहे' असे पाहुण्याने म्हटले की वाढणारा हात थांबतो. पण ज्याच्या यकृतात चरबी साठत चालली आहे, त्याने कोणता दाखला दाखवावा? हा विकार बहुधा दुखत नाही, चेहऱ्यावर दिसत नाही. दारूला न शिवणाऱ्यांनाही तो होतो. मेयो क्लिनिकच्या डॉ. लुडविग यांनी अशा लोकांच्या यकृतदाहाला १९८० साली वेगळे नावच दिले.

साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची निम्मी-निम्मी भागीदारी. ग्लुकोज सारे शरीर वाटून घेते. फ्रुक्टोजचा बराचसा भार यकृतावर पडतो. तो गरजेबाहेर गेला की यकृत त्याची चरबी करते. काही रक्तात सोडते, काही स्वतःजवळ ठेवते. एकटी साखरच दोषी नाही; अतिखाणे आणि बैठे जिणेही आहेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचविले, की वरून घातलेली साखर दिवसाला सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे सहा चमचे, एवढ्यावर राहिली तर उत्तम. ती तर आपल्या चहातच संपते!

तेव्हा दोष दिवाळीचा नव्हे. चार दिवसांचा सण शरीर सोसते. रोजची दिवाळी सोसत नाही.

आग्रहाची रीत, मला वाटते, टंचाईतून आली. गोड दुर्मिळ होते, पाहुणा भुकेला असून भिडस्त होता. त्याच्या 'नको'चा अर्थ 'हो' असा होता. तो ओळखणे हेच सौजन्य होते. आज 'नको'चा अर्थ पुष्कळदा 'नको' असाच असतो. अर्थ बदलला तरी रीत तीच राहिली, तर सौजन्याची जबरदस्ती होते.

कोणी म्हणेल, आग्रह गेला तर आपुलकीही जाईल. मला तसे वाटत नाही. आपुलकी विचारण्यात आहे, जिंकण्यात नाही. सुरुवातीच्या काळात वजन उतरले तर यकृतातली चरबीही उतरते; म्हणजे वेळीच म्हटलेल्या 'नको'ला फार मोल आहे. वाढणाऱ्याने एकदा जरूर विचारावे. 'नको' आले, तर कारण न विचारता ताट पुढे न्यावे, आणि पाहुण्याशी गप्पा मात्र पोटभर माराव्यात.