तान्हुल्याची अमानत

धुळ्यात थंडी पडली की जुम्याच्या नमाजनंतर तान्ह्या बाळांवर दम करून घेण्यासाठी आईबाप थांबतात. परवा एका बापाने विचारले, "मौलाना साहेब, डॉक्टरांनी ना एक्स-रे काढला, ना इंजेक्शन दिले. बाळासाठी मी कमी तर पडलो नाही ना?"

तान्ह्यांचा सर्दी-खोकला बहुधा विषाणूजन्य असतो. त्यावर प्रतिजैविके चालत नाहीत. अशा वेळी गरज नसलेली सुई मुक्या जीवाला त्रास देते आणि तिचा खर्च इस्राफ ठरतो. बाळ आपल्या मालकीचे नव्हे, अल्लाहची अमानत आहे. आपल्या भीतीची किंमत त्याच्या देहाने का मोजावी?

मात्र थांबणे म्हणजे दुर्लक्ष नव्हे. उंट बांधून मगच तवक्कुल करावे, ही पैगंबरांची (स.) शिकवण आहे. याच महाराष्ट्रात, गडचिरोलीच्या खेड्यांत, डॉ. अभय व राणी बंग यांनी कार्यकर्त्यांना आणि दायांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखण्यास शिकविले. बालमृत्यू घटल्याचे त्यांचे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले. शांत बाळाचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळाचे ६०, त्यापुढे वर्षापर्यंत ५० वा अधिक भरले, छाती आत ओढली जाऊ लागली किंवा बाळाने दूध सोडले, तर विलंब न करता दवाखाना गाठावा.

त्या बापास म्हटले, "भाई, रात्रभर जागून तुम्ही बाळाकडे लक्ष ठेवलेत. अमानत अशीच जपतात."