निलंग्याचा अधिकारी, किनवटचं मूल

सेतुमाधवराव पगडी महाराष्ट्राला ठाऊक आहेत ते इतिहासकार म्हणून. फारसी कागदपत्रं वाचणारे, शिवकाळावर अधिकाराने लिहिणारे पगडी. त्यांचा जन्म 1910 सालचा, निलंग्याचा. निलंगा आज लातूर जिल्ह्यात आहे, तेव्हा निजामाच्या राज्यातल्या बीदर जिल्ह्यात होतं. हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेत असताना त्यांनी आदिलाबाद जिल्ह्यात गोंड आणि कोलामांमध्ये जे काम केलं, त्याची आठवण मात्र मराठवाड्यात फारशी निघत नाही. आपल्या हाताखालच्या माणसांची भाषा यायलाच हवी, असं मानून ते गोंडी शिकले, कोलामी शिकले, आणि दोन्ही भाषांची व्याकरणं लिहिली. सरकारी नोकरीत राहून.

आदिवासी मुलांच्या कल्याणाचं सरकारी काम कोणी चालवायचं, आणि चालवणं म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न डोक्यात आला की मी पगडींपासून सुरुवात करतो. आज नांदेड जिल्ह्यात असलेला किनवट तालुका 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता. आजच्या राज्यसीमेच्या अलीकडचे गोंड, कोलाम, परधान आणि पलीकडचे गोंड, कोलाम, परधान एकाच नात्यागोत्याचे. राज्यपुनर्रचनेत जिल्हा बदलला, राज्य बदललं, सोयरीक तशीच राहिली.

पगडींच्या आधीचा एक धागा सांगायला हवा. 1940 मध्ये आदिलाबादकडच्या जोडेघाटला गोंडांचे नेते कुमराम भीम पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. जंगल आणि जमीन हिसकावली गेल्याने गोंड उठले होते. उठाव मोडल्यावर, तो का झाला हे शोधायला निजाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्यूरर हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला पाठवलं. ते त्याच भागातल्या मार्लवाईत राहिले. त्यांच्या पुढाकाराने 1943 मध्ये तिथे गोंडांसाठी शिक्षक-प्रशिक्षण केंद्र उघडलं. बाहेरून शिकलेले मास्तर आणावेत तर ते जंगलात टिकत नाहीत, मुलांशी बोलू शकत नाहीत. म्हणून उलट केलं गेलं. जेमतेम अक्षरओळख असलेले गोंड तरुण निवडले, त्यांनाच शिकवलं आणि त्यांनाच मास्तर केलं. वाचनपुस्तकं गोंडीत तयार झाली.

या योजनेचा उगम दडपशाहीनंतरच्या सरकारी भीतीत होता, हे विसरून चालणार नाही. निजामाच्या दरबाराला गोंड लेकरांचा एकाएकी कळवळा आला नव्हता. पण योजनेच्या पोटात एक विचार होता, तो मला आजही मोलाचा वाटतो: मुलाच्या पुढे उभा राहणारा माणूस मुलाच्याच वस्तीतला असावा, आणि सरकारने पगार त्याला द्यावा.

स्वातंत्र्यानंतर हा विचार मागे पडला आणि दुसरा पुढे आला. त्याचीही मुळं चांगल्या मनात होती. ठक्करबाप्पांनी 1922 मध्ये भिल्ल सेवा मंडळ काढलं, आश्रमात मुलांना ठेवून शिकवलं. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ वारल्यांच्या पाड्यांत बालवाडी घेऊन गेल्या. मूल अंगणात येत नसेल तर अंगण मुलाकडे न्यायचं, ही त्यांची रीत. या दोन वाटांपैकी सरकारने मोठ्या प्रमाणावर उचलली ती पहिली. पाडे विखुरलेले, रस्ते नाहीत, मास्तर राहत नाहीत. तेव्हा मुलांना एका ठिकाणी आणून जेवू घालावं, कपडे द्यावेत, शिकवावं. आज महाराष्ट्रात सुमारे पाचशे शासकीय आणि त्याहून काही जास्त अनुदानित आश्रमशाळा आहेत. किनवटला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, त्यावर अमरावतीचे अपर आयुक्त, त्यावर नाशिकचे आयुक्त.

या आश्रमशाळांनी हजारो घरांत पहिला दहावी पास माणूस दिला. जिथे दोन वेळचं अन्न नव्हतं तिथल्या पोरांच्या ताटात भात-वरण पडलं. हे मी कोणालाही कमी लेखू देणार नाही. तरीही माझ्या मनात एक गोष्ट सलते. 2015 चा बाल न्याय कायदा सांगतो, मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. आधी कुटुंब, मग नातलग, मग गाव. जिल्ह्याजिल्ह्यातल्या बालकल्याण समित्या याच तत्त्वावर निर्णय देतात. नांदेड शहरातलं एखादं मूल संस्थेत पाठवायचं तर चौकशी होते, अहवाल लागतो. किनवटच्या डोंगरातलं सहा वर्षांचं मूल मात्र जूनमध्ये पेटी घेऊन आश्रमशाळेत जातं, आणि त्याची चौकशी कोणी करत नाही, कारण त्याला आपण शाळा म्हणतो. इतरांसाठी जो शेवटचा उपाय, तो आदिवासी मुलासाठी पहिला.

लातूरने या प्रश्नाची दुसरी बाजू पाहिली आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आईबाप गेलेल्या, घर गेलेल्या लेकरांचं काय करायचं? भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे बाराशे मुलं पुण्याजवळ वाघोलीला नेली, शिकवली, उभी केली. राष्ट्र सेवा दलाने पन्नालाल सुराणांच्या पुढाकाराने नळदुर्गला ‘आपलं घर’ काढलं, भूकंपाच्या पट्ट्याजवळच. दोन्ही कामं मनापासूनची. पण ‘आपलं घर’ची वाट मला अधिक भावते. ज्या बोलीत आईने हाक मारली तीच बोली कानावर पडत राहिली, तर दुःखातलं मूल लवकर सावरतं असं माझं मत आहे. भूकंपाच्या मुलांबाबत आपण निदान हा प्रश्न विचारला. गोंड-कोलामांच्या मुलांबाबत तो विचारलाच गेला नाही.

असाच प्रश्न कॅनडाने फार उशिरा विचारला. तिथल्या मूळनिवासींची दीड लाखाहून अधिक मुलं निवासी शाळांत नेली गेली. केंद्र सरकारच्या निधीवरची शेवटची शाळा 1997 ला बंद झाली. तिथला हेतूच मुळी भाषा आणि ओळख पुसण्याचा होता, म्हणून आपल्या आश्रमशाळा त्या रांगेत बसवणं अन्यायाचं होईल. पण पुढची गोष्ट आपल्याला लागू पडते. जॉर्डन रिव्हर अँडरसन नावाचं क्री जमातीचं मूल 2005 मध्ये पाचव्या वर्षी दवाखान्यातच वारलं. डॉक्टरांनी घरी नेण्याची परवानगी दिलेली होती. घरच्या शुश्रूषेचा खर्च केंद्राने करायचा की प्रांताने, यावर दोन सरकारं भांडत राहिली. गित्क्सान समाजातल्या सिंडी ब्लॅकस्टॉक यांनी मूळनिवासी मुलांशी होणाऱ्या अशा भेदभावाविरुद्ध 2007 पासून लढा दिला, 2016 ला न्यायाधिकरणाने भेदभाव झाल्याचा निकाल दिला, आणि 2019 च्या कायद्याने बालकल्याणाचा अधिकार त्या समाजांचाच असल्याचं मान्य केलं.

आपल्याकडे दोन सरकारं भांडत नाहीत, पण खाती आहेत. सहा वर्षांपर्यंतचं मूल महिला व बालविकासचं, आश्रमशाळेत गेलं की आदिवासी विकासचं, आजारी पडलं की आरोग्याचं, निराधार ठरलं की बालकल्याण समितीचं. रात्री दोन वाजता मुलीला ताप भरला तर यातलं कोणीच नसतं; असते ती अधीक्षिका. तिच्या एकटीच्या हाती किती मुली, वाहन आहे का, जवळचा दवाखाना किती लांब, यावर सगळं ठरतं. आश्रमशाळांतल्या मुलांच्या मृत्यूंचा अभ्यास करायला 2016 मध्ये डॉ. सुभाष साळुंके यांची समिती काम करत होती. एवढी थोर माणसं बसवून अभ्यास करावा लागला, कारण त्या रात्रीच्या माणसाला आपण नेता मानलंच नव्हतं. तो आपल्या लेखी कर्मचारी.

मी स्वतः बरीच वर्षं नेतृत्व म्हणजे वरची खुर्ची असं धरून चाललो होतो. चांगला प्रकल्प अधिकारी आला की तालुका सुधारतो, असं लोक म्हणतात, आणि ते खोटं नाही. मराठवाड्यातच त्याचा पुरावा आहे. 2001 मध्ये वैजापूर तालुक्यातल्या भादलीत बालमृत्यू झाले, तेव्हा विभागीय आयुक्त असलेल्या व्ही. रमणी यांनी कुपोषण हे आपल्या कार्यालयाचं काम मानलं. मराठवाड्यातली मुलं प्रत्यक्ष वजनकाट्यावर उभी केली जाऊ लागली. त्यातून 2005 ला राजमाता जिजाऊ मिशन उभं राहिलं. राज्यातल्या पाच वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचं प्रमाण 2005-06 ला 46 टक्क्यांच्या वर होतं, 2015-16 ला ते 34 च्या आसपास आलं. याचं श्रेय एकट्या मिशनला देता येणार नाही, पण एका अधिकाऱ्याने घेतलेली जबाबदारी किती लांब जाते हे यातून दिसतं.

तरी ते वजन करणारी कोण होती? अंगणवाडीची ताई. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना देशात 33 ठिकाणी सुरू झाली, त्यात आपलं धारणी होतं. सेविका त्याच गावची बाई असावी, ही त्या योजनेची अट. मार्लवाईचा विचार तीस वर्षांनी मागच्या दाराने परत आला, असं मला वाटतं. फरक इतकाच की गोंड मास्तरला पगार होता आणि ताईला मानधन. कोलामपोडातल्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीतल्या आईला मूल का खात नाही हे तिच्या भाषेत विचारणारी बाई सरकारच्या लेखी नोकरदारसुद्धा नाही.

किनवटला तरुण सनदी अधिकारी प्रकल्प अधिकारी म्हणून येतात. हुशार, तळमळीचे. गाव ओळखीचं होतं न होतं तोच बदलीचा आदेश येतो. त्यांना दोष नाही. गोंडी शिकायला पगडींना मिळाला तेवढा वेळ त्यांना कोण देतो? त्यामुळे प्रश्न पुन्हा तिथेच येतो: बदली न होणारा माणूस कोण. 2014 मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातली शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, अंगणवाडी पर्यवेक्षिका अशी पदं स्थानिक आदिवासींसाठी ठेवली गेली. त्याच वर्षी पेसाचे, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या कायद्याचे, नियम आले, ग्रामसभेला अधिकार मिळाले, पुढे थेट निधीही. कागदावर पाहिलं तर वस्तीतला माणूस पर्यवेक्षक होण्याचा आणि वस्तीच शाळेला जाब विचारण्याचा रस्ता मोकळा झाला आहे. माझा आग्रह इतकाच की त्याच रस्त्यावर अधीक्षिका, मुख्याध्यापक आणि पुढे प्रकल्प अधिकारीही गोंड, कोलाम, आंध घरांतून यावेत. आणि दिवाळीच्या आधी दंडारी, गोंडांचा नाचाचा सण, सुरू होते तेव्हा मुलं गावात असावीत की वर्गात, हे ग्रामसभेने सांगावं आणि शाळेने ऐकावं.

मार्लवाईच्या वाचनपुस्तकांबद्दल एक गोष्ट राहिली. सीमेपलीकडे पुढे शाळा तेलुगूत गेल्या आणि ती पुस्तकं वापरातून गेली. पण ती छापली होती देवनागरीत. किनवटच्या आश्रमशाळेतली चौथीतली गोंड मुलगी रोज हीच अक्षरं वाचते. ते पुस्तक आज तिच्या हातात दिलं, तर ती आजीच्या भाषेतला धडा कुणाच्या मदतीशिवाय वाचेल.